कास्ट करून गप्प बसवलेली वॉर्निंग

हा भाग ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीये, यात मी बराच वेळ कोड वाचून दाखवलाय. तो कानावर जसा पडतो तसाच इथे उतरवलाय. म्हणजे ‘स्टार’ म्हटलं की पॉइंटरची चांदणी आणि ‘अंडरस्कोर’ म्हटलं की खालची रेघ. माझं अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

तर, मध्यंतरी कॉलेजातल्या एका मुलीचा मेसेज आला. “दादा, लिनक्सचा एक जुना ड्रायव्हर ६४ बिटवर कंपाइल करतेय. पॉइंटरच्या वॉर्निंग्ज येतायत. सगळे म्हणतात कास्ट टाक, जाईल. टाकला, गेली. पण नक्की झालं काय?”

हा शेवटचा प्रश्न मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पडला असता, तर एका कारखान्यातल्या लोकांच्या दोन रात्री वाचल्या असत्या. म्हणून आज तेच सांगतो.

आधी थोडी तयारी. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटात लिनक्सचा कर्नल चालतोय. टचस्क्रीन, कॅमेरा, वायफाय, यातल्या प्रत्येक चिपशी बोलणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. तो कर्नलच्या आतच राहतो, त्यामुळे त्याची चूक म्हणजे एखादं ॲप बंद पडण्यासारखी चूक नसते. तो पडला तर बहुतेक वेळा सगळंच घेऊन पडतो.

आणि पॉइंटर म्हणजे पत्ता. मेमरीतल्या एखाद्या जागेचा आकडा. इथपर्यंत सगळ्यांना शिकवलेलं असतं. जे नीट शिकवत नाहीत ते असं, की नुसता आकडा म्हणजे पत्ता नव्हे. पुण्यातल्या जुन्या पेठांमध्ये पत्ता कसा लिहितात बघा. ४१२ सदाशिव पेठ. आता ४१२ नारायण पेठेतही असू शकतं आणि शनिवार पेठेतही. पाकिटावर नुसतं ४१२ लिहिलंत तर पोस्टमन काय करणार? सी भाषेत पॉइंटरचा टाइप म्हणजे ही पेठ. आकडा प्रोसेसरला पुरतो, पेठ आपल्याला आणि कंपायलरला लागते. आणि कास्ट करणं म्हणजे पाकिटावरची पेठ खोडून आपल्या हाताने दुसरी लिहिणं. पोस्टमन तक्रार करायचा थांबतो. पत्र कुठे जातं ते नंतर कळतं.

माझी गोष्ट अशी. आमचं एक छोटं ऑफिस होतं, आणि आम्ही मशीनच्या बेअरिंगची थरथर मोजणारं एक कार्ड वापरायचो. कारखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये ते बसतं, सेन्सरकडून आकडे घेतं आणि मेमरीत टाकतं. थरथर ठरावीक मर्यादेच्या वर गेली की अलार्म. त्याचा लिनक्स ड्रायव्हर ३२ बिटच्या जमान्यात कुणीतरी लिहिलेला होता. नवे कॉम्प्युटर ६४ बिटचे आले आणि तो ड्रायव्हर चालता करायचं काम माझ्याकडे आलं.

कार्डाशी बोलण्याची पद्धत साधी होती. ड्रायव्हर ६४ बफर तयार ठेवायचा. प्रत्येक बफरसाठी एक छोटी चिठ्ठी, तिला डिस्क्रिप्टर म्हणतात. चिठ्ठीत ‘डेटा इथे टाक’ असा पत्ता आणि शिवाय ‘कुकी’ नावाचं ३२ बिटचं एक रिकामं खानं. त्या खान्यात ड्रायव्हरने काहीही ठेवावं, कार्ड त्याला हात लावत नाही, परत करताना जसंच्या तसं परत करतं. आपण चप्पल ठेवताना टोकन घेतो ना, तसं. जुन्या लेखकाने त्या खान्यात बफरच्या स्ट्रक्चरचा पॉइंटरच ठेवला होता. ३२ बिटच्या मशीनवर पॉइंटर ४ बाइटचा, खानंही ४ बाइटचं. चपखल.

६४ बिटवर पॉइंटर ८ बाइटचा झाला. कंपायलर म्हणाला, ‘कास्ट फ्रॉम पॉइंटर टू इंटिजर ऑफ डिफरंट साइझ’. आणि जिथे कुकीतून परत पॉइंटर काढला होता तिथे त्याचं उलटं वाक्य. दोन वॉर्निंग्ज. मी काय केलं? शोधलं, उत्तर मिळालं, डबल कास्ट टाकला. आधी अनसाइन्ड लाँग, मग यू ३२. पहिल्या कास्टमध्ये आकार बदलत नाही म्हणून कंपायलर गप्प. दुसऱ्यात आकडा अर्धा कापला जातो, पण तो आता नुसता आकडा आहे, पॉइंटर नाही, आणि कापायला मीच सांगितलंय. म्हणून तेव्हाही गप्प. बिल्ड एकदम स्वच्छ. मी खूश. कमिटमध्ये लिहिलं, ‘वॉर्निंग्ज दुरुस्त केल्या’.

आता तुम्ही म्हणाल, अर्धा पत्ता कापल्यावर हे पहिल्याच मिनिटाला कोसळायला हवं होतं. नाही कोसळलं. कारण सगळं सुरळीत असताना बफर ओळीने परत यायचे आणि ड्रायव्हर ओळीनेच मोजायचा. कुकीकडे तो बघायचाच नाही. कुकी लागायची फक्त एका वेळी, कार्डाने ‘या बफरमध्ये गडबड झाली’ असं कळवलं की. ऑफिसातल्या टेबलावर, वीतभर केबलवर, तीन आठवडे एकदाही गडबड झाली नाही.

कारखान्यात पहिल्याच रात्री झाली. तिथल्या ऑपरेटरचा फोन आला, “साहेब, मोठी मोटर चालू केली की तुमचा कॉम्प्युटर झोपतो.” मोटर म्हटल्यावर आम्ही सगळे अर्थिंगच्या मागे लागलो. केबल बदलली, जाळीची केबल टाकली, अर्थिंग तपासलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. आणि कॉम्प्युटर झोपलेला असताना मोठी मोटर चालूच होती, तिच्या बेअरिंगवर कुणाचं लक्ष नव्हतं. तो ऑपरेटर मग दर अर्ध्या तासाने स्वतः हात लावून बघत होता. हे आठवलं की आजही मला कसंतरी होतं.

सुटका त्यानेच केली. स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. कर्नल पॅनिक. इंटरप्टच्या मध्येच पान सापडलं नाही, आणि जो पत्ता सापडला नाही तो छापलेला. १६ आकडी पत्ता, त्यातले पहिले ८ आकडे सगळे शून्य. आमच्या सीनियर मॅडमनी फोटो मोठा करून बघितला आणि एवढंच विचारलं, “याचं डोकं कुठे गेलं?” या प्रोसेसरवर कर्नलच्या मेमरीचे पत्ते ‘एफ एफ एफ एफ’ने सुरू होतात. शून्याने सुरू होणारा पत्ता तिथला नव्हेच. डोकं मी कापलं होतं, डबल कास्टने. मोटरचा दोष इतकाच, की तिच्या आवाजाने केबलवर गडबड व्हायची आणि ड्रायव्हर त्या एका कधीही न चाललेल्या वाटेवर जायचा.

दुरुस्ती काय केली, ते नीट ऐका, कारण त्यात कास्ट एकही नाही. बफर ६४ आहेत, ते ॲरेत आहेत. मग कुकीत पत्ता कशाला? ॲरेतला क्रमांक ठेवा, ० ते ६३. यू ३२ मध्ये आकडा ठेवायचा, आकडाच ठेवला, टाइप जुळला, वॉर्निंग यायचं कारणच उरलं नाही. कुकी परत आली की आधी बघायचं, ६४ पेक्षा लहान आहे का? नसेल तर लॉगमध्ये लिहा आणि सोडून द्या. याचा आणखी एक फायदा मला त्या दिवशी कळला. आधीच्या पद्धतीत कार्डाने दिलेला कुठलाही आकडा आम्ही पत्ता समजून त्यावर चालत जात होतो. कार्ड बिघडलं, किंवा कुणी मुद्दाम खोटं कार्ड लावलं, तर कर्नलची मेमरी त्याच्या हातात. आता तो फार तर चुकीचा बफर सांगेल.

इथे एक गैरसमज नको. डबल कास्ट नेहमीच वाईट असं मी म्हणत नाहीये. ड्रायव्हरमध्ये कुठल्या चिपला काय वागणूक द्यायची याचा तक्ता असतो, त्यात ‘व्हॉइड स्टार’चं एक खानं असतं, आणि बरेच जण त्यात ‘मॉडेल १’, ‘मॉडेल २’ असा छोटा आकडा ठेवतात. बाहेर काढताना सरळ इंटमध्ये घेतला की ६४ बिटवर हीच वॉर्निंग येते. तिथे आधी ‘यूइंटपीटीआर अंडरस्कोर टी’ मध्ये कास्ट करून घेतात आणि ते बरोबर आहे. दिसायला अगदी माझ्यासारखंच. फरक एवढाच, तिथे छोटी वस्तू मोठ्या डब्यात ठेवलीय, मी मोठी वस्तू छोट्या डब्यात कोंबली होती. कंपायलरला हे कळत नाही. तो दोन्हीकडे एकच वाक्य बोलतो. म्हणून उत्तर शोधून चिकटवता येत नाही, आधी त्या खान्यात खरंच काय ठेवलंय ते बघावं लागतं.

(जाता जाता, लिनक्सवर पॉइंटर आणि लाँग एकाच आकाराचे असतात, विंडोजच्या ६४ बिटवर लाँग ४ बाइटचाच राहिलाय. इकडून तिकडे नेलेल्या कोडमध्ये या वॉर्निंग्जचा पाऊस का पडतो, ते यावरून कळेल.)

दुसरा प्रकार, ‘इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप’. एका गोष्टीचा पॉइंटर मागितला, तुम्ही दुसऱ्या गोष्टीचा दिला. कर्नलमधलं नेहमीचं उदाहरण म्हणजे सेट-बिट. एखादं बिट चालू करणारं हे फंक्शन ‘अनसाइन्ड लाँग’चा पॉइंटर मागतं, म्हणजे ६४ बिटवर ८ बाइटची जागा. ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये फ्लॅग्जचं खानं असतं यू ३२, ४ बाइटचं. कास्ट केला तर फंक्शन समजतं ८ बाइट आपलेच. शेजारच्या ४ बाइटमध्ये जे काही असेल त्यात त्याचा हात जाऊ शकतो. काही प्रोसेसरवर तर पत्ता ८ च्या पटीत नसला की असा व्यवहार जागीच फेटाळला जातो. दुरुस्ती एका शब्दाची आहे, खान्याचा टाइपच अनसाइन्ड लाँग करा. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून तर ही साधी वॉर्निंग राहिलेलीच नाही, सी भाषेत ती थेट एरर आहे. मला विचाराल तर उशीरच झाला.

आता खरी गंमत. काही पेठा अशा आहेत ज्या कंपायलरला दिसतच नाहीत. प्रोसेसरला कार्डाची रजिस्टरं मेमरीसारखीच एका पत्त्यावर दिसतात. कर्नलमध्ये ‘आयओ-रीमॅप’ म्हटलं की तो पत्ता मिळतो. पण ती साधी मेमरी नव्हे. साध्या मेमरीत एकच गोष्ट दोनदा लिहिली तर कंपायलर पहिलं लिहिणं गाळू शकतो, क्रम बदलू शकतो, हिशेब तोच राहतो. रजिस्टरमध्ये दोनदा लिहिणं म्हणजे बेल दोनदा वाजवणं. म्हणून तिथे रीड-एल, राइट-एल अशी खास फंक्शनं वापरायची, आणि ढीगभर डेटा न्यायचा असेल तर मेमकॉपीच्या जागी ‘मेमकॉपी अंडरस्कोर टू-आयओ’. हे कुणी विसरू नये म्हणून त्या पॉइंटरच्या टाइपमध्ये एक खूण लावतात, ‘अंडरस्कोर अंडरस्कोर आयओमेम’. ॲपकडून आलेल्या पत्त्यांना अशीच खूण असते, ‘अंडरस्कोर अंडरस्कोर यूझर’. असा पत्ता कर्नलने सरळ उघडायचा नाही, कॉपी-फ्रॉम-यूझरने आधी तपासून आणायचा. नाहीतर एखादं ॲप कर्नलचाच पत्ता पुढे करून आतलं वाचून घेईल.

गंमत अशी की नेहमीच्या कंपाइलमध्ये या खुणांचा अर्थ शून्य असतो, त्या रिकाम्या शब्दांसारख्या गळून पडतात. त्या वाचतं स्पार्स नावाचं वेगळं हत्यार. लिनस टोरवाल्ड्सने २००३ मध्ये ते लिहायला घेतलं. ते बसवून घ्या आणि ‘मेक’ला ‘सी बरोबर १’ द्या, म्हणजे त्या वेळी कंपाइल होणाऱ्या फाइल्स तपासल्या जातात. ‘सी बरोबर २’ दिलंत तर आधी कंपाइल झालेल्यासुद्धा. मग येतं ते प्रसिद्ध वाक्य, ‘डिफरंट ॲड्रेस स्पेसेस’. म्हणजे पेठ चुकली.

ही वॉर्निंग टाळायला लोक आयओमेमची खूण कास्टने पुसतात आणि स्टार लावून सरळ लिहितात. आपल्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा चालतंही, त्यामुळे जास्त घातक. तोच ड्रायव्हर फोनच्या एआरएम प्रोसेसरवर गेला, कुणी साध्या मेमकॉपीने कार्डाची मेमरी कॉपी केली, आणि त्या मेमकॉपीने वेगासाठी आडवातिडवा पत्ता धरला, की फॉल्ट. तिथे हार्डवेअरच्या मेमरीवर अशी तिरकी उडी चालत नाही.

आणखी एक पेठ आहे ती आमच्याच चिठ्ठीतली. ‘डेटा इथे टाक’ हा पत्ता. तो प्रोसेसरसाठी नसतो, कार्डासाठी असतो. मध्ये आयओएमएमयू असेल तर कार्डाला दिसणारा आकडा आणि खऱ्या मेमरीचा आकडा यांचा काही संबंधही नसू शकतो. म्हणूनच कर्नलमध्ये त्याला पॉइंटरचा टाइप दिलेलाच नाही, ‘डीएमए अंडरस्कोर ॲडर अंडरस्कोर टी’ हा साधा आकडा आहे, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी त्याला स्टार लावू नये. आमचा जुना ड्रायव्हर इथे ‘व्हर्ट टू फिज’ने स्वतःच हिशेब करून यू ३२ मध्ये भरत होता. या ओळीवर एकही वॉर्निंग नव्हती बरं का! आकड्यातून आकड्यात जाताना कापाकापी झाली तर नेहमीच्या सेटिंगवर कंपायलर बोलतच नाही. मेमरी ४ जीबीच्या आत असेपर्यंत चाललं असतं. आम्ही तिथे डीएमएची नेमलेली फंक्शनं आणली आणि ‘या कार्डाला ३२ बिटच कळतात’ हे मास्क लावून कर्नलला सांगून टाकलं. मग खालच्या ४ जीबीतली जागा शोधणं, नाहीतर मधल्या बफरमधून कॉपी करणं, हे त्याचं काम.

आता तुमच्या फोनशी थेट संबंध असलेला प्रकार, फंक्शनचे पॉइंटर. ड्रायव्हर कर्नलला सांगतो, ‘वेळ झाली की माझं हे फंक्शन बोलव’. पूर्वी टायमरच्या फंक्शनला एक अनसाइन्ड लाँग मिळायचा आणि त्यात लोक कास्ट करून पॉइंटर कोंबायचे. पत्ता आणि फंक्शन दोन्ही एकाच स्ट्रक्चरमध्ये शेजारीशेजारी. शेजारच्या बफरमधून ओव्हरफ्लो झाला तर हल्लेखोराला हवं ते फंक्शन, हव्या त्या आकड्यासह बोलवता यायचं. केस कुक या डेव्हलपरने पुढाकार घेतला, ढीगभर ड्रायव्हर्स एकेक करून बदलले गेले, आणि जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत टायमरचं फंक्शन टायमरचाच पॉइंटर घेऊ लागलं. त्यावरून आपलं मोठं स्ट्रक्चर ‘कंटेनर-ऑफ’च्या पद्धतीने मागे मोजून काढायचं. कोंबाकोंबी संपली.

त्याच वर्षी पिक्सेल ३ फोनच्या कर्नलमध्ये गूगलने सीएफआय आणलं. पॉइंटरमधून फंक्शन बोलवायच्या आधी त्याचा टाइप खरंच जुळतो का ते चालत्या फोनमध्ये तपासायचं, नाही जुळला तर जागीच थांबायचं. याचा अर्थ लक्षात घ्या. फंक्शनचा टाइप जुळत नाही म्हणून कास्ट टाकून कंपायलरला गप्प केलंत, तर फोन तुम्हाला पॅनिक देऊन विचारणार. वायफाय आणि नेटवर्कच्या कितीतरी ड्रायव्हर्समध्ये पॅकेट पाठवणारं फंक्शन ‘नेटडेव्ह अंडरस्कोर टीएक्स अंडरस्कोर टी’ परत करण्याऐवजी इंट परत करत होतं. वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. सीएफआयसाठी ते शोधून दुरुस्त करावे लागले. बहुतेक दुरुस्त्या एकेका ओळीच्या.

तर त्या मुलीला मी काय लिहिलं? कास्ट काढ, वॉर्निंग परत येऊ दे. मग त्या ओळीवर बसून ठरव, हा आकडा कुणाचा पत्ता आहे, आणि कोण तो उघडणार आहे, प्रोसेसर, कार्ड की ॲप? उत्तर मिळालं की व्हेरिएबल जिथे जाहीर केलंय तिथे जाऊन टाइप बदल, वापरलंय तिथे मलमपट्टी नको. एक टाइप बदललास की नव्या पाच वॉर्निंग्ज येतील, घाबरू नकोस, त्या आधीपासून तिथेच होत्या. कास्ट खरोखर लागलाच तर वर एक ओळ कॉमेंट लिही, का लागला. आणि पॅच पाठवताना नुसतं ‘वॉर्निंग काढली’ लिहू नकोस, टाइप काय होता, काय हवा होता आणि चुकीचा असल्याने काय बिघडलं असतं ते लिही. हे लिहिता येत नसेल तर दुरुस्ती अजून झालेली नाही.

तिचं पुढचं उत्तर आलं, “तुमच्या ड्रायव्हरमध्ये आता शून्य वॉर्निंग्ज आहेत का?”

नाहीत. पहिल्यांदा ‘सी बरोबर २’ चालवलं तेव्हा स्पार्सने ४१ काढल्या होत्या. आता ३ उरल्यात. तिन्ही एकाच फंक्शनमध्ये आहेत, कार्डाच्या कुठल्याशा मेमरीत जुना कोड काहीतरी लिहितो, आणि ती मेमरी नक्की कसली आहे ते आमच्याकडच्या कागदपत्रांत नाही. कार्ड बनवणाऱ्यांना विचारलंय. तोपर्यंत दर बिल्डला त्या ३ ओळी स्क्रीनवर येतात, आणि मी त्या येऊ देतो.

चला, भेटू पुढच्या भागात.